कुंड्यांनी अडवलेला रस्ता आणि चार प्रकारच्या हरकती

२०२० साली लंडनच्या कितीतरी निवासी रस्त्यांच्या तोंडाशी मोठाल्या लाकडी कुंड्या येऊन बसल्या. मातीने भरलेल्या, जड, वर झुडपं लावलेल्या. दोन कुंड्यांमधून सायकल जायची, बाबागाडी जायची, चाकाची खुर्ची जायची; मोटार जात नव्हती. शेजारच्या खांबावर एक गोल पाटी होती. लाल कड्यात वर मोटारसायकल आणि खाली मोटार, म्हणजे इथून पुढे मोटार वाहनांना बंदी. जिथे कुंड्या नव्हत्या तिथे नंबरप्लेट टिपणारा कॅमेरा होता. पाटीकडे लक्ष न देता पुढे गेलेल्या चालकाच्या घरी काही दिवसांनी १३० पौंडांच्या दंडाची नोटीस यायची. १४ दिवसांत पैसे भरले तर रक्कम निम्मी.

या रचनेला तिथे ‘लो ट्रॅफिक नेबरहूड’, थोडक्यात एलटीएन म्हणतात. कल्पना सोपी आहे. चारही बाजूंनी मोठ्या रस्त्यांनी वेढलेली एक वस्ती घ्या. मोठ्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या की मोबाइलमधला नकाशा चालकाला आतल्या गल्ल्यांतून काढतो. अशा गाड्यांचं त्या वस्तीत काही काम नसतं, त्यांना फक्त पलीकडे जायचं असतं. आतल्या दोन-चार मोक्याच्या जागी रस्ता मोटारींसाठी अडवला की आरपार जाण्याची सोय संपते. रहिवाशाच्या दारापर्यंत गाडी अजूनही जाते, सामान पोचवणारा येतो, कचऱ्याची गाडी येते. फक्त ज्या बाजूने आत शिरायचं, त्याच बाजूने बाहेर पडावं लागतं. त्यामुळे काही जणांना रोज वळसा पडतो.

या वळशावरून लंडनमध्ये जे रान उठलं, ते शहरात रस्ता बंद करू पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखं आहे. मोर्चे निघाले, कुंड्या उलथून टाकल्या गेल्या, कॅमेऱ्यांच्या तारा कापल्या गेल्या, प्रकरणं कोर्टात गेली, निवडणुकांचा मुद्दा झाला. काही योजना मागे घेतल्या गेल्या, काही टिकल्या, आणि टिकलेल्यांपैकी काही आज तिथल्या लोकांना हव्याहव्याशा वाटतात. सगळीकडे कुंड्या सारख्याच होत्या. फरक पडला तो हरकतींशी कारभाऱ्यांनी कसा व्यवहार केला यामुळे. हरकतींचा ढीग मोजून निर्णय घेणं चूक, आणि ढिगाकडे पाठ फिरवणं त्याहून मोठी चूक. हरकत कोणत्या प्रकारची आहे हे आधी ओळखलं पाहिजे, कारण प्रत्येक प्रकाराचं उत्तर वेगळं आहे.

जुनी कल्पना, जुनंच भांडण

वस्तीतून आरपार जाणारी वाहतूक बाहेर काढावी ही कल्पना करोनाच्या साथीच्या काळात जन्मलेली नाही. १९६३ साली कॉलिन ब्युकॅनन यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश सरकारसाठी ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ हा अहवाल तयार झाला. मोटारी वाढतच जाणार, तेव्हा शहरात असे भाग राखावेत जिथे माणसांचं राहणं-वावरणं पहिलं आणि वाहतूक दुसरी, आणि मोठी वाहतूक या भागांच्या कडेने न्यावी, असं त्यात सुचवलं होतं. १९७०च्या सुमारास लंडनमधल्या इस्लिंग्टन भागातल्या बार्न्सबरी या वस्तीत ही कल्पना प्रत्यक्षात आली. आतले रस्ते शांत झाले. कडेच्या रस्त्यांवरचे लोक मात्र विचारू लागले, की तुमच्या शांततेचा भार आमच्या दारात का? बार्न्सबरीत तेव्हा जुनी घरं विकत घेऊन दुरुस्त करणारा मध्यमवर्ग येऊ लागला होता, त्यामुळे रस्त्याच्या वादाला वर्गाची धारही आली.

सप्टेंबर १९७७मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराने याहून मोठी उडी घेतली. शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले आणि एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जाण्याची वाट बंद केली. चालत किंवा सायकलने सरळ जा, मोटारीने जायचं तर बाहेरच्या वळणरस्त्याने जा. दुकानदारांनी कडाडून विरोध केला. गिऱ्हाईक येणार नाही, बाजार उठेल, ही त्यांची भीती होती. नगरपालिका मागे हटली नाही. आज सायकलींच्या शहरांची नावं घेताना ग्रोनिंगनचं नाव पहिल्या काहींत येतं.

२०२०मध्ये लंडनमध्ये जे झालं त्यात नवी होती ती घाई. साथीमुळे बस आणि भुयारी रेल्वेत गर्दी नको होती आणि ते सगळे प्रवासी मोटारीत बसले असते तर शहर ठप्प झालं असतं. त्या वर्षी मे महिन्यात ब्रिटनचे तेव्हाचे वाहतूकमंत्री ग्रँट शॅप्स यांनी चालणं आणि सायकलिंग यांच्यासाठी २ अब्ज पौंडांची योजना जाहीर केली. त्यातले २५ कोटी पौंड तातडीच्या कामांसाठी होते. काम काही आठवड्यांत व्हायला हवं, असा सरकारचा आग्रह होता. लंडनचा कारभार ३२ बरोंमध्ये वाटलेला आहे आणि प्रत्येक बरोची स्वतःची निवडून आलेली काउन्सिल आहे. या काउन्सिलांनी १९८४च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्यातली प्रायोगिक आदेशाची तरतूद वापरली. असा आदेश जास्तीत जास्त १८ महिने चालतो, आणि हरकती घेण्याची मुदत आदेश लागू झाल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांची असते.

म्हणजे आधी रस्ता बंद, मग हरकती. यामागे एक चांगला विचार आहे. कागदावरच्या नकाशाबद्दल माणूस अंदाजाने बोलतो, सहा महिने त्या रस्त्याने गेल्यावर अनुभवाने बोलतो. पण घराबाहेर पडल्यावर कुंड्या दिसल्या आणि त्यांच्याविषयी आधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, अशा माणसाला हा विचार कसा पटावा? त्याची पहिली हरकत वळशाची नव्हती, ती न विचारल्याची होती. पुढे तिचं काय झालं ते येईलच.

मोजणीचा मोह

विरोध वाढला तशा काउन्सिला आकड्यांकडे वळल्या. वॉन्ड्सवर्थ बरोने सप्टेंबर २०२०मध्ये आपल्या योजना थांबवल्या. ईलिंगने रहिवाशांची मतं मागवली आणि २०२१मध्ये नऊपैकी सात योजना गुंडाळल्या. टॉवर हॅम्लेट्समध्ये रस्ते पुन्हा खुले करण्याचं आश्वासन देणारे लुत्फुर रहमान २०२२ साली महापौर म्हणून निवडून आले. लोकशाहीत आकडा महत्त्वाचा, हे खरंच. पण हरकतींचा आकडा नेमका कशाचा असतो?

मार्च २०२४मध्ये ब्रिटनच्या वाहतूक खात्याने एलटीएनचा आढावा प्रसिद्ध केला. पाहणीतल्या वस्त्यांमधल्या जेमतेम १३ टक्के रहिवाशांनी काउन्सिलच्या विचारणेला उत्तर दिलं होतं. आपल्या मताचा निर्णयावर काही परिणाम झाला असं वाटणारे १८ टक्के होते. आणि ५८ टक्क्यांना आपण एलटीएनमध्ये राहतो हेच माहीत नव्हतं. हे तीन आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. हरकत नोंदवणारे थोडे असतात आणि ते सगळ्यांचे प्रतिनिधी असतीलच असं नाही. अर्ज भरायला वेळ असलेला, इंग्रजी चांगलं येणारा, नोटिसा वाचणारा माणूस त्यांत जास्त असतो. रात्रपाळी करणारी परिचारिका, घर भाड्याने घेऊन दर वर्षी बदलणारं कुटुंब, मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाच्या माळ्यावर राहणारा विद्यार्थी, हे त्यांत कमी असतात.

यावरून हरकती फालतू असतात असा निष्कर्ष काढला तर तो धडधडीत चुकीचा ठरेल. एकच हरकत आली तरी ती खरी असू शकते, आणि दहा हजार आल्या तरी त्या सगळ्या एकाच गैरसमजातून आलेल्या असू शकतात. म्हणून मोजण्याआधी वाचायला हवं. लंडनच्या वादात जे बोललं गेलं, ते चार प्रकारांत बसतं.

पहिला प्रकार: अंदाजाची हरकत

दुकानं बंद पडतील, अग्निशमनाची गाडी वेळेवर येणार नाही, सगळं शहर तुंबेल. ही हरकत पुढे काय होईल याविषयीची असते. तिचं उत्तर मोजमापात आणि काळात आहे.

ईशान्य लंडनमधल्या वॉल्थम फॉरेस्ट बरोने हे सगळं साथीच्या आधी पाहिलं होतं. डच धर्तीच्या रस्त्यांसाठी लंडनच्या महापौरांनी तीन बरोंना मोठा निधी दिला होता, त्यात हा एक. वॉल्थमस्टो व्हिलेज या जुन्या वस्तीतले रस्ते अडवले गेले आणि मधला ऑर्फर्ड रोड सकाळी १० ते रात्री १० मोटारींना बंद झाला. बस आणि सायकली चालू राहिल्या. २०१५ साली विरोधकांनी या रस्त्यावरून शवपेटी खांद्यावर घेऊन मोर्चा काढला. वस्तीचा मृत्यू झाला, असं त्यांना सांगायचं होतं. त्यांचा राग खरा होता, भीतीही खरी होती. आपल्या उपजीविकेचा रस्ता डोळ्यांदेखत बदलताना पाहणाऱ्या माणसाला पाच वर्षांनंतरचा आलेख दाखवून धीर देता येत नाही.

पण पाच वर्षांनी आलेख होता, आणि तो पाहायला हवा. व्हिलेजमधल्या १२ निवासी रस्त्यांवरची वाहनं सरासरी सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाली. वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या रेचल आल्ड्रेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की बदल झालेल्या भागातले लोक वर्षभराने आठवड्याला सरासरी ४१ मिनिटं जास्त चालू आणि सायकल चालवू लागले होते. अग्निशमन दलाच्या नोंदी तपासल्या तेव्हा गाड्या घटनास्थळी पोचायला उशीर होऊ लागल्याचा पुरावा सापडला नाही. ऑर्फर्ड रोडवर आज उपाहारगृहांची टेबलं रस्त्याकडेला मांडलेली असतात आणि मधून डब्ल्यू १२ क्रमांकाची बस जाते.

सगळी वाहतूक शेजारच्या रस्त्यावर जाणार, या अंदाजालाही अभ्यासाचं उत्तर आहे. सॅली केर्न्स, स्टीफन अ‍ॅटकिन्स आणि फिल गुडविन यांनी ११ देशांमधली रस्ता बंद किंवा अरुंद केल्याची सुमारे ७० उदाहरणं तपासली. बंद रस्ता आणि आसपासचे रस्ते एकत्र धरले तर निम्म्या ठिकाणी एकूण वाहतूक ११ टक्क्यांहून अधिक घटली होती. माणूस वळसा पाहून आपलं वागणं बदलतो. एखादी फेरी टाळतो, वेळ बदलतो, जवळच्या कामाला चालत जातो. पाण्याचं तसं नसतं. एक नळ बंद केला की तेवढंच पाणी दुसऱ्यातून येतं. वाहतूक माणसांची असल्यामुळे ती थोडीफार विरतेही.

या प्रकारच्या हरकतीला उत्तर द्यायचं तर एक अट आहे. रस्ता बंद करण्याआधीची मोजणी हवी. किती गाड्या जात होत्या, किती वेगाने, रुग्णवाहिका किती मिनिटांत पोचत होती, दुकानांसमोर किती माणसं थांबत होती. ही मोजणी आधी केलीच नसेल तर नंतर दोन्ही बाजू आपापल्या आठवणींवर भांडतात, आणि त्या भांडणाला शेवट नसतो. साथीच्या घाईत लंडनच्या अनेक काउन्सिलांकडे ही आधीची मोजणी अपुरी होती. त्याची किंमत त्यांनी मोजली.

दुसरा प्रकार: कडेच्या रस्त्याची हरकत

ही हरकत काळाने विरघळत नाही, आणि तिला अंदाजाच्या हरकतीसारखं वागवणं अन्याय आहे. ती कडेच्या मोठ्या रस्त्यावर राहणाऱ्याची असते. आतल्या गल्लीतली मुलं रस्त्यावर खेळू लागली, याचा त्याला हेवा नसतो. त्याचा प्रश्न एवढाच असतो, की त्या गाड्या आता माझ्या खिडकीखाली आहेत का?

वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्याच आसा थॉमस आणि रेचल आल्ड्रेड यांनी २०२३मध्ये ११ बरोंमधल्या ४६ योजनांच्या मोजण्या एकत्र केल्या. आतल्या रस्त्यांवर वाहतूक ठळकपणे घटली होती. कडेच्या रस्त्यांवर सरासरी बदल एक टक्क्याहूनही कमी. योजनेच्या समर्थकांना हा आकडा आवडतो. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे: कडेच्या रस्त्यांपैकी जवळपास निम्म्यांवर वाहतूक घटली आणि निम्म्यांहून किंचित जास्त रस्त्यांवर वाढली. ज्याच्या रस्त्यावर वाढली, त्याच्या घरात सरासरी राहत नाही. तिथे धूर आणि हॉर्न राहतात. शिवाय मोठ्या रस्त्यांवर दुकानांच्या वरची घरं असतात, शाळा असतात, आणि बस तिथूनच जातात. मोटार परवडत नसलेला माणूस बसने जातो आणि कडेचा रस्ता तुंबला की त्याच्या वेळेचं नुकसान सगळ्यांत आधी होतं.

दक्षिण लंडनमधल्या लॅम्बेथ बरोची स्ट्रेथम वेल्स ही योजना २०२३च्या शरद ऋतूत सुरू झाली. तिच्या कडेला ए-२३ हा वर्दळीचा मोठा रस्ता होता आणि त्याच काळात त्या रस्त्यावरही कामं चालू होती. बसगाड्या अडकून पडू लागल्या. प्रवाशांच्या तक्रारी वाढत गेल्या आणि मार्च २०२४मध्ये योजना स्थगित झाली. रस्त्याचं काम आणि गल्ल्यांची बंदी एकाच वेळी केली तर कडेचा रस्ता किती ताण सोसेल, याचं उत्तर बसमध्ये बसलेल्या माणसाने कुणाही अभियंत्याआधी दिलं होतं.

या हरकतीला उत्तर रचनेतच द्यावं लागतं. कडेच्या रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका, सिग्नलच्या वेळांत बदल, तिथल्या हवेची नियमित मोजणी, आणि आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर योजना बदलण्याचं आधीच दिलेलं वचन. ‘थोडे दिवस कळ काढा’ हे उत्तर कडेच्या रस्त्याला देता येत नाही.

तिसरा प्रकार: पर्याय नसलेल्याची हरकत

चालत जा, सायकल घ्या, असं ज्याला सांगता येत नाही, त्याची ही हरकत. गुडघे गेलेली आजी, चाकाच्या खुर्चीतला तरुण, दिवसाला सात-आठ घरी जाऊन आजाऱ्यांची अंघोळ-औषधं करणारी मदतनीस, अवजारांची पेटी घेऊन फिरणारा नळदुरुस्तीवाला. मदतनिसाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पूर्वी शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या रुग्णाकडे ती दोन मिनिटांत पोचायची. आता तिला मोठ्या रस्त्यावर येऊन, सिग्नलला थांबून, दुसऱ्या तोंडाने आत शिरावं लागतं. एका घरामागे दहा मिनिटं गेली तर दिवसाअखेर एका रुग्णाची वेळ गेलेली असते. हे नुकसान कोणत्याही वाहनमोजणीत दिसत नाही.

दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या ‘ट्रान्सपोर्ट फॉर ऑल’ या ब्रिटिश संस्थेने २०२१च्या जानेवारीत या प्रश्नावर सविस्तर अहवाल काढला. त्यात सगळे दिव्यांग विरोधात होते असं नाही; शांत रस्त्यावर खुर्ची फिरवणं सोपं झालं, असंही काहींनी सांगितलं. पण लांबलेल्या प्रवासाचा शीण, टॅक्सीचं वाढलेलं भाडं आणि आपल्याला कुणी विचारलंच नाही ही भावना अनेकांनी नोंदवली. लॅम्बेथमधल्या एका दिव्यांग महिलेने हा प्रश्न कोर्टात नेला. अपील कोर्टातही निकाल काउन्सिलच्या बाजूने लागला. तरी तोवर प्रश्न ऐरणीवर आला होता. लॅम्बेथसह अनेक बरोंनी दिव्यांगांच्या ‘ब्लू बॅज’ असलेल्या गाड्यांना आपापल्या वस्तीच्या बंदीतून सूट दिली. अनेक ठिकाणी रुग्णवाहिकांच्या सोयीसाठी पक्के खांब आणि कुंड्या काढून कॅमेरे बसवले गेले. कॅमेरा दंड करतो, पण तातडीच्या गाडीला अडवत नाही.

म्हणजे या हरकतीचं उत्तर सवलतींच्या यादीत आहे. ती यादी पहिल्या दिवसापासून हवी होती. कोर्टात हरलेल्या माणसाचं म्हणणं कारभारात जिंकू शकतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

चौथा प्रकार: न विचारल्याची हरकत

ही हरकत रस्त्याविषयी नसतेच. ती माणसाच्या मानाविषयी असते, आणि म्हणून सगळ्यांत जास्त भडकते. ज्याला आधी विचारलं असतं तर तो कदाचित पाठिंबाही देता, तोच माणूस न विचारल्यामुळे मोर्चात पुढे असतो.

वेस्ट डलिच ही लॅम्बेथमधलीच वस्ती. तिथल्या योजनेवर रहिवाशांच्या गटाने तब्बल ५३ पानांचं सविस्तर निवेदन काउन्सिलला दिलं होतं. योजना पुढे गेली, ती सप्टेंबर २०२४मध्ये लागू झाली, आणि रहिवासी हायकोर्टात गेले. मे २०२५मध्ये कोर्टाने योजना बेकायदा ठरवली. कारण लक्षात घेण्यासारखं आहे. कोर्टाने रस्ते बंद करणं वाईट म्हटलं नाही, वाहतुकीचा कोणता सिद्धांतही नाकारला नाही. ते ५३ पानी निवेदन निर्णय घेताना विचारात घेतलंच गेलं नाही, हा दोष कोर्टाने धरला. निवेदन वाचून, प्रत्येक मुद्द्याला उत्तर देऊन, ते फेटाळण्याचा अधिकार काउन्सिलला होता. न वाचण्याचा नव्हता.

याचा अर्थ विरोधकांना नकाराधिकार मिळाला असा नाही. रस्ता फक्त त्यावर राहणाऱ्यांचा नसतो. तिथून शाळेत जाणाऱ्या मुलांचा, बसने कामावर जाणाऱ्यांचा आणि अजून तिथे राहायला न आलेल्यांचाही असतो. शेजाऱ्यांच्या होकारावरच सगळं अवलंबून ठेवलं असतं तर ग्रोनिंगनमध्ये काहीच बदललं नसतं. पण ऐकून घेऊन नकार देणं आणि न ऐकता पुढे जाणं यांतलं अंतर रहिवाशाला बरोबर कळतं.

आपल्याकडच्या नोटिसा

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ११५ आणि ११६ खाली वाहतुकीवर निर्बंध घालता येतात आणि त्याचे फलक लावता येतात. निर्बंध एका महिन्याहून जास्त काळ चालणार असेल तर तो राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो. पुण्यात वाहतूक शाखेकडून असे आदेश वरचेवर निघतात: अमुक रस्ता प्रायोगिक तत्त्वावर एकेरी, तमुक चौकात उजवं वळण बंद, नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना अमुक तारखेपर्यंत लेखी कळवाव्यात. अत्यावश्यक सेवेतली वाहनं, म्हणजे अग्निशमन, पोलीस आणि रुग्णवाहिका, या आदेशांतून वगळलेली असतात.

या शेवटच्या ओळीपाशी थोडं थांबू या. आपल्याकडे दवाखान्यात निघालेला रुग्ण पुष्कळदा रुग्णवाहिकेतून जात नाही. तो रिक्षात बसून जातो, शेजाऱ्याच्या गाडीतून जातो, कधी दुचाकीवर दोघांच्या मधे धरून नेला जातो. लंडनमधल्या तिसऱ्या प्रकारच्या हरकतीचं हे आपल्या शहरातलं रूप आहे, आणि नोटिशीतल्या छापील सवलतीत ते बसत नाही.

मुंबईत २०२५ साली प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल पाडून नवा बांधण्यासाठी बंद करायचं ठरलं तेव्हा हरकतींचे हे प्रकार एकाच वेळी समोर आले. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी हे काम एमएमआरडीए या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतलं होतं. पूल एप्रिलमध्ये बंद व्हायचा होता. विरोधामुळे ते लांबलं आणि शेवटी सप्टेंबरमध्ये पूल बंद झाला. पश्चिमेकडच्यांना परळची केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं रेल्वेपलीकडे होती. ही पर्याय नसलेल्यांची हरकत. दादरच्या टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर भार येणार होता; ही कडेच्या रस्त्याची हरकत. आणि कामामुळे ज्यांच्या इमारतींवर गदा येणार होती, त्या रहिवाशांचा प्रश्न वाहतुकीचा नव्हताच. आपलं घर जाणार असेल तर ते इथेच, याच भागात मिळावं, हे त्यांचं म्हणणं होतं. या सगळ्यांना ‘विरोध’ या एकाच खात्यात टाकलं तर पर्यायी मार्गाचा नकाशा दाखवून घराच्या प्रश्नाला उत्तर दिल्यासारखं होतं.

आपल्याकडे हरकती मागवण्याची चौकट आहे. उणीव पुढच्या पायरीवर आहे. आलेल्या हरकती कोणत्या होत्या, त्यांतल्या कोणत्या मान्य झाल्या, कोणत्या का नाकारल्या, हे सामान्य माणसाच्या वाचनात क्वचितच येतं. पुणे महापालिका २०२१पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा दिवसभर पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवते. त्या दिवशी रस्त्यावर चालण्याचा आनंद खराच असतो. पण एका दिवसाच्या उत्सवाला हरकती सोसाव्या लागत नाहीत. कायमचा बदल करायचा असेल तर दुकानदाराचा माल कोणत्या वेळी उतरणार, आतल्या पेठांमधल्या वृद्धांची रिक्षा कुठवर येणार आणि गाड्या कोणत्या बोळात घुसणार, हे त्यांच्याशी बसूनच ठरवावं लागेल.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या शहरांतल्या निवासी गल्ल्या आरपार वाहतुकीपासून सुटल्या पाहिजेत. मुलांना, म्हाताऱ्यांना आणि चालणाऱ्यांना तिथे पहिला हक्क मिळाला पाहिजे. हे साधायचं असेल तर हरकतींना घाबरून चालणार नाही आणि त्यांना कस्पटासमान लेखूनही चालणार नाही. रस्ता बंद करण्याआधी मोजणी करून ती जाहीर करा. कडेच्या रस्त्याची मोजणी आतल्या रस्त्याइतक्याच काळजीने करा. सवलतींची यादी पहिल्याच नोटिशीत द्या आणि ती रुग्णवाहिकेपाशी संपवू नका. प्रयोग कधी संपणार आणि कोणता आकडा आल्यावर तो मागे घेणार, हे आधी सांगा. आणि शेवटचा आदेश काढताना त्याला एक तक्ता जोडा: आलेला प्रत्येक मुद्दा, त्याचा प्रकार, त्यावरचा निर्णय, त्याचं कारण. ज्याची हरकत नाकारली गेली त्यालाही त्या तक्त्यात आपला मुद्दा नीट मांडलेला सापडला पाहिजे. हे काम कष्टाचं आहे, आठवड्यांत होण्यासारखं नाही. पण वेस्ट डलिचमध्ये ५३ पानं वाचण्याचे कष्ट टाळले गेले आणि त्यापायी अख्खी योजना गेली. ती पानं वाचायला एक दुपार पुरली असती.